शालूआत्याचं फ्लायव्हील

आमच्या घरी गाडी आली तेव्हा ती चालवता येणारं माणूस घरात एकही नव्हतं. तिच्याबद्दल बोलता येणारं एक होतं, आणि बाबांच्या मते तेवढं पुरेसं होतं. बाबा सरकारी कचेरीत नोकरीला. त्यांच्या साहेबांनी नवी गाडी घेतली आणि जुनी बाबांच्या गळ्यात घातली. बाबा मात्र आयुष्यभर सांगत राहिले की साहेबांनी ती 'विश्वासाने सोपवली'. मुलुंडच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलने सहा आठवड्यांत बाबांना गिअर, क्लच आणि ब्रेक शिकवला. नम्रपणा त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा. गाडीचं नाव मी इथे लिहीत नाही. बनवणाऱ्या कंपनीची काडीचीही चूक नव्हती. जी काही चूक झाली ती मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात झाली.

त्या घरात आम्ही चार माणसं होतो. बाबा, आई, मी आणि बाबांची धाकटी बहीण शालूआत्या. आत्याचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं याची चार वेगवेगळी कारणं चार नातेवाइकांनी मला सांगितली आहेत आणि आत्याला कोणी विचारलंच नाही. ती स्वयंपाकघरात झोपायची, पहाटे उठून गादी गुंडाळायची, आईला अर्ध्या पोळ्या लाटून द्यायची आणि डबा घेऊन भांडुपच्या मोटरच्या कारखान्यात जायची. विजेची मोटर, म्हणजे पंपाची, पंख्याची, गिरणीची. त्या मोटरच्या पोटात जो भाग गरगर फिरतो त्याला रोटर म्हणतात. रोटरची एक बाजू चिमूटभर जरी जड राहिली तरी मोटर थरथरते आणि लवकर मरते. आत्याचं काम तो तोल बघायचं. रोटर मशीनवर फिरवायचा, जड बाजू शोधायची, हलक्या बाजूला पुटीची गोळी लावायची नाहीतर जड बाजूला छोटंसं भोक पाडायचं. सतरा वर्षं ती हेच करत होती. बाबा या कामाला 'चिकटवाचिकटवी' म्हणत. स्वतः ते कचेरीत दिवसभर कागदाला कागद डकवत असत, पण ते प्रशासन होतं.

आत्याच्या हाताला एक विद्या होती. आई मिक्सरमध्ये खोबरं वाटत असली की आत्या जाता जाता त्याच्यावर नुसता तळवा टेकायची आणि म्हणायची, "वहिनी, हा दिवाळी काढणार नाही." आई म्हणायची, "वन्सं, शुभ बोला हो." आणि दिवाळीच्या आठवड्यात, भाजणीच्या ऐन वेळी, मिक्सर डोळे मिटायचा. तरीही घरातली एखादी वस्तू बिघडली की बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायचे. आत्याने टॉर्च धरायची. पुरुषाने दुरुस्त करायचं आणि बाईने उजेड दाखवायचा अशी कामाची वाटणी होती, आणि ती मोडेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

गाडी वर्षभर बरी चालली. मग स्टार्टर मारला की आतून 'खर्रर्र' असा आवाज यायला लागला, जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवतंय. आमच्या सोसायटीत सकाळी साडेआठला तो आवाज झाला की तळमजल्यावरचं कुत्रं भुंकायचं आणि आई कुकरची शिट्टी मोजायची विसरायची. गाडी नाहूरला सावंत मेस्त्रींकडे गेली. मेस्त्री आमच्याच बाजूचे, मालवणचे. बोलायला कमी. त्यांनी गाडीखाली जाऊन बघितलं आणि सांगितलं, "फ्लायव्हीलचे दात गेले. नवीन रिंग चढवतंय." फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बसवलेलं जड लोखंडी चाक, त्याच्या कडेला दातांची कडी असते आणि स्टार्टर त्या दातांत अडकून इंजिन फिरवतो. दात झिजले तर नुसती कडी बदलतात. एवढं साधं काम होतं.

पण साधं काम बाबांना शोभणारं नव्हतं. "नुसते दात कशाला? कवळी बसवायला गाडी काय म्हातारी झालीय?" असं म्हणून ते हसले. मेस्त्री हसले नाहीत. बाबांनी मेस्त्रींना अख्खं चाक काढायला लावलं, ते रिक्षात घातलं, कुर्ल्याला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि त्याच्या बदल्यात दुसरं चाक घेऊन आले. चकचकीत, तेल लावलेलं. त्या दिवशी त्यांनी ते घरी आणून पाटावर ठेवलं होतं. आईने नुसतं हळदकुंकू वाहायचं बाकी ठेवलं. "ओरिजिनल माल," बाबा म्हणाले, "दुकानदार स्वतः म्हणाला, एकदम बॅलन्स केलेलं आहे." आत्या पोळीला तेल लावत होती. तिने वळून बघितलं आणि विचारलं, "आणि जुनं?" बाबा म्हणाले, "जुनं देऊन तर हे आणलं." आत्याने पोळी उलटली. तिला काहीतरी म्हणायचं होतं हे मला तिच्या मानेवरून कळलं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

नवं चाक बसलं आणि खर्रर्र गेलं. त्याच्या जागी जे आलं त्याला काय म्हणावं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. गाडी हळू असताना काही नाही. वेग वाढला की आधी पायाखाली गुदगुल्या व्हायच्या, मग सीट गुणगुणायची, मग आरशातला मागचा सगळा रस्ता पातळ पिठल्यासारखा हलायचा आणि शेवटी बोलणाऱ्या माणसाचा आवाज कापायला लागायचा. "का-का-काही नाही," बाबा हायवेवर म्हणत, "न-न-नवं आहे. से-सेट व्हायला वे-वेळ लागतो." पुढचे दोन रविवार बाबांनी गाडी सेट करण्यात घालवले. प्लग बदलले, इंजिनाखालची रबरं बदलली, चारी टायर काढून त्यांची अदलाबदल केली. एका रविवारी डॅशबोर्डवरचा गणपती जरा डावीकडे सरकवला. हे मी विनोदासाठी लिहीत नाही. मी तिथे उभी होते.

आणि खऱ्या गणपतीला तीन आठवडे राहिले होते. दर वर्षी आम्ही एसटीने गावी जायचो, गुडघ्यावर पिशव्या घेऊन. या वर्षी बाबा गाडी घेऊन जाणार होते. तसं पत्र गावी गेलं होतं आणि त्यातल्या 'आमच्या गाडीने' या दोन शब्दांखाली बाबांनी रेघ ओढली होती. पत्र टपालात पडल्यावर माघार नव्हती. आजोबा गिरणीत कामाला लागले तेव्हापासून गावाला आमच्या घराचं काहीतरी दाखवायचं राहून गेलं होतं आणि ते बाबा या खेपेला दाखवणार होते. पण थरथरणारं इंजिन, चार माणसं, सामान आणि मध्ये घाट. आई देवासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहायला लागली.

एका शनिवारी संध्याकाळी आत्या कामावरून आली ती वर न येता सोसायटीच्या आवारात गाडीपाशी थांबली आणि तिने मला हाक मारली. "विजू, दादाची किल्ली आण. आणि चप्पल काढून आत बस." बाबा भाजी आणायला गेले होते. तिने मला गाडी जागेवरच सुरू करायला लावली, गिअर न टाकता. मग हळूहळू पाय दाबायला सांगितला. एका जागी आल्यावर गाडीला हीव भरलं. आत्याने बॉनेटवर तळवा ठेवला होता. "गाडी उभी आहे आणि तरी हलते. म्हणजे टायर नाही," ती म्हणाली. "आता दुसऱ्या पायाने क्लच दाब. पूर्ण." मी दाबला. गाडी तेवढीच हलत राहिली. "म्हणजे पुढचं गिअरबिअर काही नाही. इंजिन आणि ते चाक. बंद कर." दोन आठवडे आणि चार टायर यांना जे सापडलं नव्हतं ते तिला दोन मिनिटांत सापडलं, तेसुद्धा खांद्याला डब्याची पिशवी तशीच असताना.

जेवताना तिने विषय काढला. त्या दिवशी काळ्या वाटाण्यांची आमटी आणि वडे होते, म्हणजे बाबा खुशीत असायची वेळ. "दादा, ते चाक इंजिनाला जुळत नाही. जुनं आणून त्याच्यावरून याचा तोल करावा लागेल." बाबांनी आमटीतली मिरची काढून ताटाच्या कडेला ठेवली. "शालू, पंख्याची गोष्ट वेगळी, मोटारीची वेगळी. दुकानदाराने बॅलन्स करून दिलंय." "तेच तर," आत्या म्हणाली. "तेच काय?" "ते नको होतं." आता हे ऐकायला चक्रमच वाटतं. बाबा हसले आणि आईकडे बघून म्हणाले, "ऐका. माल चांगला आहे, ही त्याची चूक!" आई हसली नाही, तिने आत्याच्या ताटात आमटी वाढली. मी मात्र हसले. सोळा वर्षांची होते, अकरावी कॉमर्सला होते, आणि बाबा हसले की हसायचं असतं असं मला वाटायचं. आज साठी उलटल्यावर ज्या मोजक्या हसण्यांची लाज वाटते त्यातलं ते एक.

पुढच्या रविवारी बाबांनी साहेबांना फिरवून आणायचं ठरवलं. म्हणजे गाडी किती नीट ठेवलीय ते साहेबांनी बघावं. साहेब घाटकोपरला राहत. पुढे बाबा आणि साहेब, मागे मी, मांडीवर आईने दिलेले खोबऱ्याच्या वड्यांचे डबे. हायवेला लागल्यावर साहेबांचा चष्मा नाकावरून उतरायला लागला. ते तो वर ढकलत, तो पुन्हा उतरे. दोघंही शिष्टाचाराने त्याबद्दल बोलत नव्हते. मग खालून 'ठण्' झालं, काहीतरी रस्त्यावर घासत गेलं आणि लगेच असा आवाज सुरू झाला की शेजारून चाललेला ट्रकवाला वाकून बघायला लागला. थरथरून थरथरून सायलेन्सर गळून पडला होता. बाबा हायवेच्या कडेने मागे पळत गेले आणि तापलेला पाइप रुमालात धरून नाचत नाचत घेऊन आले. साहेबांनी चष्मा पुसला. "माझ्याकडे असताना असं नव्हतं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. घाटकोपरपर्यंत त्या गडगडाटात कोणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

गाडी पुन्हा नाहूरला गेली. सोमवारी आत्याने कारखान्यात दोन दिवसांची रजा टाकली. ताप आला तरी रजा न घेणारी बाई; तिच्या सुपरवायझरने म्हणे विचारलं, "घरात कोण गेलं?" मंगळवारी बाबा कचेरीत गेल्यावर ती मला म्हणाली, "कॉलेजला दांडी मारणार?" अकाउंट्सचा तास होता. मी इतक्या चटकन हो म्हटलं की तीही चपापली.

सावंत मेस्त्रींनी आम्हाला बघून विडी विझवली. आत्याने त्यांना आपलं काम सांगितलं, गाडी उभी असताना आणि क्लच दाबून काय बघितलं ते सांगितलं. बाबांनी अर्ध्या वाक्यात जे उडवून लावलं होतं ते मेस्त्री पूर्ण ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाय, माका वाटलाच होता. पण जुना चाक तुमच्या भावान कुर्ल्याक देऊन टाकल्यान. आता मोजूचा कशावरून?" आत्याने विचारलं, "बघितलं तर ओळखाल?" मेस्त्री म्हणाले, "काढण्याआधी मी पंचान दोन ठिपके मारलंय, डोवेलच्या भोकाशेजारी. माझी सवयच ती." डोवेल म्हणजे चाक एकाच जागी बसावं म्हणून ठेवलेली खुंटी. दोन ठिपक्यांच्या त्या खुणेवर आम्ही दोघी कुर्ल्याला गेलो.

तो बाजार मी आधी कधी बघितला नव्हता. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची हाडं. एका दुकानात नुसती दारं, एकात नुसते दिवे, हजार डोळ्यांनी बघणारे. बायका त्या गल्लीत नव्हत्याच, त्यामुळे आम्ही गेलो तशी वाटेतली बोलणी थांबत गेली. बाबांनी सांगितलेल्या खाणाखुणांवरून आत्याने दुकान शोधलं. गल्ल्यावरचे हनीफभाई चहा पीत होते. त्यांना ते गिऱ्हाईक चांगलं आठवत होतं. "वो भाईसाब? बहुत नॉलेजवाला आदमी," ते म्हणाले. हे बाबांबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात तिखट वाक्य, पण बिचारे हनीफभाई मनापासून बोलत होते. आत्याने जुनं चाक मागितलं तसे त्यांनी मागे हात केला. पत्र्याखाली चाकांचा डोंगर. "गुरुवार को भट्टी में जाएगा सब. लेकिन बहनजी, मैंने तो एकदम बॅलन्स किया हुआ माल दिया था." "वही तो लफडा है, भाईसाब," आत्या म्हणाली आणि तिने पदर खोचला.

दोन तास आम्ही चाकं उलटत होतो. एकेक सात-आठ किलोचं. पहिल्या दहा मिनिटांत माझी दोन नखं गेली. आत्या चाक उभं करायची, मधल्या भोकाभोवती बोट फिरवायची, पुढे ढकलायची. हनीफभाईंनी आधी गंमत म्हणून बघितलं, मग चहा मागवला, मग बाह्या वर करून स्वतःच उतरले. आणि सापडलं ते त्यांनाच. "दो टिकली बोला था ना?" त्यांनी चिंधीने तेल पुसलं. खुंटीच्या भोकाशेजारी दोन ठिपके होते आणि मागच्या बाजूला, कडेजवळ, एकाशेजारी एक तीन मोठी भोकं पाडलेली होती. आत्याने त्या तीन भोकांत एकेक करून करंगळी घातली. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी तोवर तिच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. घरी टॉर्च धरताना दिसायचं कारणच नव्हतं.

रिक्षात चाक आमच्या दोघींच्या मांडीवर टॉवेलात होतं. वाटेत तिने मला समजावलं. गाडी बनवणाऱ्या कारखान्यात आमच्या इंजिनाचा दांडा आणि हे चाक एकत्र जोडून तोल बघितला होता. दांड्यात जी कसर होती ती या चाकात भोकं पाडून भरून काढली होती. म्हणून हे चाक एकटं फिरवलं तर एका बाजूला जड लागणार, आणि तसंच लागायला हवं. सगळ्या गाड्यांचं असं नसतं, आमच्या गाडीचं होतं. "ते नवं चाक स्वतःपुरतं चोख आहे गं. आपल्या दांड्याला त्याचा उपयोग नाही." मी म्हटलं, "मग जुनंच बसवू या की, रिंग बदलून." ती हसली. "आता बघ, त्याचा चेहरा फाटलाय." खरंच, क्लच जिथे टेकतो त्या बाजूला केसासारख्या चिरा होत्या. म्हणजे चाक बदलायचा बाबांचा निर्णय चुकून बरोबर होता. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही; त्यांच्याकडे आत्मविश्वासाचा साठा पुरेसा होता.

बुधवारी गॅरेजात कामाला सुरुवात झाली. मेस्त्रींनी इंजिनातलं नवं चाक उतरवून ठेवलं होतं आणि शेजारच्या लेथवाल्याकडून चाकाच्या भोकात घट्ट बसेल असा दांडा कातून आणला होता. लोखंडी अँगलचे दोन तुकडे कडा गुळगुळीत करून टेबलावर समांतर, अगदी एका पातळीत ठेवले. चाक दांड्यावर चढवून दांड्याची टोकं त्या दोन कडांवर ठेवली की चाक हवेत मोकळं. जी बाजू जड ती हळूहळू फिरून खाली येऊन थांबते. आता वरच्या हलक्या बाजूला काहीतरी चिकटवून ते सारखं करायचं. कारखान्यातली पुटी आत्याला सहज आणता आली असती, पण तिने कारखान्याची टाचणीही कधी घरी आणली नव्हती. "विजू, घरी जा आणि वहिनींकडून कणकेचा गोळा घेऊन ये. घट्ट. ओल्या फडक्यात गुंडाळून, वाळली की हलकी होते."

आईने परातीतून गोळा तोडून दिला. "कशाला हवाय?" मी सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग गोळा परत घेतला, त्यात मूठभर पीठ घालून तो आणखी घट्ट मळला. "तेल नाही लावलं," ती म्हणाली, "सुटेल नाहीतर." आमच्या घरातली इंजिनीअर माणसं कुठे कुठे लपलेली होती कोण जाणे.

जुन्या चाकावर आत्याने कणीक चिकटवायला सुरुवात केली. चिमूट लावायची, सोडायचं, बघायचं. थोडी काढायची, परत सोडायचं. शेवटी चाक कसंही ठेवलं तरी तिथेच थांबायला लागलं. मग तीच कणीक, तेवढीच, खुंटीच्या भोकापासून मोजून अगदी त्याच जागी नव्या चाकाला लावली. आता नवं चाक जर स्थिर राहिलं तर ते जुन्यासारखं झालं. अर्थात ते राहिलं नाही, कण्हल्यासारखं फिरलं आणि कणकेची बाजू खाली गेली. "विरुद्ध बाजू हलकी आहे, म्हणजे कणकेच्याच बाजूचं लोखंड काढायचं," आत्या म्हणाली. मेस्त्रींनी ड्रिल तिच्या हातात दिलं. आपलं ड्रिल मेस्त्री कोणाला देत नसत. भोक पाडायचं, चुरा झटकायचा, कडांवर ठेवायचं, बघायचं. पाच वेळा. शेजारचे गॅरेजवाले, पंक्चरवाला, लेथवाला सगळे दारात येऊन उभे होते. कोणीतरी म्हणालं, "क्या चल रहा है, पूजा?" मेस्त्री म्हणाले, "चूप रे." सहाव्या भोकाला आत्याने ड्रिल माझ्यापुढे धरलं. "नखाएवढं. जास्त नको." मी ड्रिल दोन्ही हातांनी धरून दाबलं. लोखंडाची बारीक, चमकदार गुंडाळी वर आली. चाक कडांवर ठेवलं. हलकेच ढकललं, थांबलं. अर्धं फिरवलं, थांबलं. मला अकरावीचा एकही तास आठवत नाही. ते न हलणारं चाक मी आत्ताही बोटाने दाखवू शकते.

कणीक काढून, चाक बसवून मेस्त्रींनी इंजिन सुरू केलं आणि पाय दाबत नेला. हीव भरायची ती जागा आली आणि गेली. मी आत बसले होते. आरशात मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर आणि कॅलेंडरवरची तारीखसुद्धा वाचता येत होती. मेस्त्री उतरले, हात पुसले आणि आत्याला म्हणाले, "बाय, पुढच्या रविवारी मोकळी आसस काय? आणखी दोन गाडये आसत माझ्याकडे." तिने पदराने कपाळ पुसलं, कपाळ काळं झालं आणि ती हो म्हणाली.

शनिवारी बाबा गाडी घेऊन आले, हायवेला एक फेरी मारून. जिना चढतानाच त्यांचा आवाज येत होता. "बघा! म्हटलं नव्हतं सेट व्हायला वेळ लागतो?" आत्याने मला डोळ्यांनी गप्प केलं. का केलं ते मला तेव्हा कळलं नाही आणि माझा संतापच झाला. रात्रभर मी तोंडाने न बोलता भांडले.

निघालो ते सांज्याच्या पोळ्या, घावणे, चटणी असं सगळं बांधून. पुढे बाबा आणि आई, मागे आत्या, मी आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान. गाडी इतकी शांत चालली होती की बाबांना व्याख्यान द्यायला पूर्ण वाव होता, आणि त्यांनी तो वाया घालवला नाही. पनवेलपासून पेणपर्यंत त्यांनी इंजिनाची निगा हा विषय घेतला. घाट लागला. गाडी वळणामागून वळण चढत गेली. "मशीनवर माणसाचा विश्वास पाहिजे," बाबा म्हणाले, "लोक उगीच घाबरवतात. चाक बदला, तोल करा." तेव्हा आई बोलली. बाबांचं वाक्य आईने मध्येच तोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "गाडी वन्संनी नीट केलीय," ती समोर बघत म्हणाली. "रजा टाकून. कुर्ल्याला उकिरड्यात बसल्या होत्या दोघी. पोरीची नखं बघा. कणीक माझ्या परातीतली होती."

बाबांनी पुढच्या वळणावर, जिथे रस्ता जरा रुंद होता, गाडी कडेला घेतली. उतरले. दरीकडे तोंड करून उभे राहिले. मग टायरला लाथ मारून बघितली, जशी काही त्याचीच चूक होती. आम्ही तिघी आत. मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि मान न वळवता म्हणाले, "शालू, दाखव." आत्या उतरून त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. "दिसत नाही ते, दादा. आत असतं." "पण कुठे?" तिने बोट दाखवलं. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बाबा वाकून बघत राहिले. मग हळू आवाजात काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्यांनी आणखी काही विचारलं. आई मागे वळून मला म्हणाली, "घावणा खातेस?" मला रडायला येत होतं आणि मी घावणा खाल्ला.

पुढच्या वर्षी मी कॉमर्स सोडलं आणि पॉलिटेक्निकचा फॉर्म आणला. त्यावर बाबांनी सही केली, पण आधी तासभर भाषण केलं. फुकट काही मिळत नसतं. आता मी राहते ती इमारत नाहूरलाच आहे, जिथे गॅरेजांची रांग होती त्या बाजूला. माझा जावई विजेची गाडी घेऊन येतो. तिच्यात फ्लायव्हील नाही हे तो मला दर खेपेला समजावून सांगतो. मी ऐकून घेते. घरात असा एक माणूस असतोच.

पण त्या गणपतीचं सांगायचं राहिलं. गावात पाय ठेवला की बाबांच्या जिभेवरचं कचेरीचं मराठी उतरायचं आणि खालची मालवणी वर यायची. पहिल्याच संध्याकाळी अंगणात गाडीभोवती सगळी वाडी जमली. कोणीतरी विचारलं, इतकी जुनी गाडी घाट चढून आली कशी, मेस्त्री कोण? बाबांनी घसा खाकरला. मी दारात उभी होते. "मेस्त्री कसलो," बाबा म्हणाले, "माझी भैण. तिनाच केल्यान." आणि लगेच पुढे, "मी सांगलंय तिका, चाक बघ म्हणान." ओसरीवर दूर्वा निवडत असलेल्या आत्याने ऐकलं. "अर्धं तरी दिलंन," ती आईला म्हणाली आणि हसून हसून दोघींच्या हातातल्या दूर्वा सांडल्या.

दुसऱ्या दिवशी आरती होऊन पानं मांडायची घाई चालली होती तेव्हा अंगणात बैलगाडी आली. खालच्या वाडीतला भाताच्या गिरणीवाला होता. त्याच्या गिरणीचं मोठं चाक कित्येक महिने थरथरत होतं, जोत्याला भेग गेली होती, आणि त्याला कळलं होतं की मुंबईची ताई आली आहे. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. गाडीवानाने आत ठेवलेल्या त्या चाकाला बांधलेला दोर सोडला आणि इकडेतिकडे बघितलं. तेवढ्यात बाबा, सोवळ्यात, कपाळाला ताजं गंध, पायरी उतरून गेले. ते चाक आमच्या फ्लायव्हीलच्या दुप्पट होतं. त्यांनी ते स्वतः कवटाळून खाली उतरवलं, गंजाचा आणि वंगणाचा पट्टा सोवळ्यावर आडवा उमटला, आणि अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांनी विचारलं, "शाले, ह्या खंय ठेवू गो?"

आत्याला जागा ठरवायला जरा वेळ लागला. तोवर बाबा ते छातीशी धरून उभे राहिले.